गवतात आडवं पडून पक्षी टिपणाऱ्या विहीणबाईंना

विहीणबाई, हे काही बरं केलं नाहीत तुम्ही.

ब्रिस्बेनला जायचं होतं तुम्हाला. तिकीट तुमचं, बॅग तुमची. ती बॅग भरून, कुलूप लावून तुमच्या कोथरूडच्या हॉलमध्ये अजून उभी आहे आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला अडखळतो. मी मात्र यंदा सगळ्यांना स्वच्छ सांगून टाकलं होतं की आता मला ऑस्ट्रेलिया नको. गुडघे नको म्हणतात आणि मीही नको म्हणते. येत्या मार्चमधली माझी खेप मी रद्दच केली. त्यावर तुम्ही चार शब्द समजुतीचे बोलाल असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "उत्तम. मग तुमचीही खेप मीच करत जाईन." इतक्या खूश झालात की मला जरा रागच आला. आणि एवढं सगळं ठरवून, निघायला पंधरवडा राहिलेला असताना, भलत्याच प्रवासाला निघून गेलात. आता तुमचा अमोल, माझी मृण्मयी, तुमच्या नणंदबाई, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या आहेत. कोणी काही बोलत नाही. नुसते बघतात, ते जास्त वाईट.

तुमची ही भलतीकडेच असण्याची सवय मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमच्या मुलाला माझी मुलगी दिली, म्हणजे मानाची बाजू तुमची. विहिणीच्या पंगतीला मी रांगोळी घातली, उदबत्ती लावली, चांदीचं ताट मांडलं आणि हात जोडून उभी राहिले. विहीणच नाही. शोधाशोध झाली तेव्हा तुम्ही कार्यालयाच्या मागे, भांडी घासायच्या जागेपाशी, पैठणीचा ओचा हातात धरून उभ्या होतात, कारण डबक्याच्या कडेला खंड्या बसला होता. मला बघून तुम्ही तोंडावर बोट ठेवलंत. मुलीची आई म्हणून मी गप्प बसले. पण माझी जिलबी गार झाली हे मी विसरलेले नाही.

तेव्हा निदान तुमच्याकडे कॅमेरा नव्हता. रेवा झाली आणि आपल्या दोघींना तिकडची ड्यूटी लागली. दोघी एकट्या, दोघी निवृत्त, दोघींना घरी अडवायला कोणी नाही, मग काय. सहा महिने तुम्ही, सहा महिने मी. वाटणी कोणी केली मला आठवत नाही, पण तिकडचा वसंत आणि उन्हाळा बरोब्बर तुमच्याकडे आला आणि थंडी माझ्याकडे. पक्ष्यांची घरटी वसंतात असतात, हे मला नंतर कळलं. तुम्हाला ते आधीपासून ठाऊक असणार. अमोलरावांनी तुम्हाला वाढदिवसाला तो कॅमेरा आणि ती अगडबंब लेन्स दिली, आणि तिथून पुढे तुम्ही नातीला सांभाळायला जात होतात की नातीला घेऊन उंडारायला, हे देवच जाणे.

आता ज्याच्यावरून मी सगळ्यात जास्त चिडले आहे ते बोलते.

टेकडीवर एकट्या कशाला गेलात? बरं, गेलात तर गेलात, रोजच जात होतात. ओल्या गवतात पालथ्या कशाला पडलात? मला उत्तर माहीत आहे. चंडोल जमिनीवर चरतो, त्याचा फोटो त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढायचा तर आपणही जमिनीला लागायला हवं. आणि चंडोलावर हात बसला की ब्रिस्बेनच्या त्या निळ्या फेअरी रेनचा फोटो जमतो. म्हणजे परदेशातल्या एका बोटभर पाखरासाठी कोथरूडच्या टेकडीवर तुमचा सराव चालला होता. त्या सरावातच तुमचं हृदय थांबलं. आणि येणारे-जाणारे थांबले नाहीत.

कसे थांबतील? टेकडीवर फिरायला येणारे सगळे तुम्हाला ओळखत होते. पीटीच्या बाई गवतात पडल्यात म्हणजे पुढे पक्षी आहे, आवाज करायचा नाही, वळसा घालून जायचं, ही शिस्त तुम्हीच त्यांना लावली होतीत. एक गृहस्थ तुमच्याकडे भेटायला आले होते, रोज त्याच वेळेला फिरायला येणारे. त्यांनी तुम्हाला बघितलं, हातातला फोन बंद केला आणि बायकोला खुणेनं गप्प केलं. दोघं चवड्यांवर चालत पुढे गेले म्हणे. हे सांगताना तो माणूस तुमच्या सोफ्यावर बसून ढसाढसा रडला. मी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, तुमची काही चूक नाही, आमच्या विहीणबाईंनी सगळ्यांना असंच वळण लावलं होतं. डॉक्टरही म्हणाले की ते क्षणात झालं, कोणी धावलं असतं तरी काही उपयोग झाला नसता. मी डॉक्टरांवर विश्वास ठेवते. पण मनातून तो वळसा घालून जाणारा माणूस काही जात नाही.

असं एकदा तिकडेही झालं होतं, आठवतं का? तुम्ही तिथल्या ओढ्याकाठच्या बागेत अशाच पालथ्या पडलेल्या, पळायला आलेल्या कोणा बाईला वाटलं म्हातारी कोसळली, तिनं अँब्युलन्स बोलावली. ती माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली तर तुम्ही मान न वळवता त्यांना हातानं "बसा, बसा" अशी खूण केलीत. आणि ते बसले! हे तुम्ही मला फोनवर हसून हसून सांगत होतात आणि मी इकडे कपाळाला हात लावून ऐकत होते. मी म्हटलं, अहो, वयाचं काही भान आहे का. तुम्ही म्हणालात, फोटो सुरेख आलाय, पाठवते.

परक्या देशात अनोळखी लोक धावत आले. आपल्या पुण्यात ओळखीचे लोक चवड्यांवर निघून गेले. ह्याच्यावर मी कोणाशी भांडायचं, सांगा.

मला तो देश कधीच आवडला नाही, हे तुम्हाला माहीत होतं. देश वाईट नाही हो. हवा चांगली, माणसं चांगली, नळाचं पाणी गोड. पण ते दोघं ऑफिसला आणि पोर शाळेला गेली की जे काही उरतं, ते मला सोसत नाही. सदाशिव पेठेत माझ्या खिडकीखाली दिवसभर कोणी ना कोणी भांडत असतं. क्लासची मुलं, पार्किंगवरून दोन स्कूटरवाले, भाजीवाल्याशी जोशीकाकू. तिकडे रस्त्यावर चिटपाखरू नाही असं मी एकदा तुम्हाला फोनवर म्हणाले, तर तुम्ही उसळलात. "चिटपाखरू नाही? अहो, तुमच्या मागच्या दाराशी पाखरांची जत्रा भरते." आणि मग तुमचं सुरू झालं. डोक्यावर पिवळा तुरा असलेले पांढरेधोप काकाकुवे कसे झुंडीनं येऊन कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडतात. रंगपंचमी खेळून आल्यासारखे लॉरिकीट कसे बाटलीब्रशच्या फुलात उलटे लटकतात. कुकाबरा पहाटे कसा हसतो. त्या कुकाबऱ्याचं तर नावच काढू नका. पहिल्या पहाटे मला वाटलं होतं शेजारी कोणाला तरी वेड लागलं.

आणि तो फोन. माझ्या खेपेत तुम्ही रोज पुण्याहून सकाळचा चहा पिता पिता फोन करायच्यात, तेव्हा तिकडे माझी दुपार झालेली असायची. "आज झाडावर कोण आलं?" एवढाच तुमचा प्रश्न. माझी तब्येत नाही, जेवण नाही, झाडावर कोण आलं. पहिले काही दिवस मी थापा मारल्या. हिरवा होता म्हटलं. चोच कशी होती? म्हटलं, होती. तुम्ही थाप ओळखायच्यात आणि म्हणायच्यात, जा, बघून या, मी थांबते. मग मी चप्पल घालून मागच्या अंगणात, मान वर करून उभी. परत येऊन सांगायचं, करडा आहे, छाती गुलाबी आहे, दोघं आहेत, एक दुसऱ्याच्या मानेत चोच घालून बसलाय. "गाला!" तुम्ही तिकडून ओरडायच्यात. मला काडीचाही आनंद व्हायचा नाही. पण तुमच्या फोनची वेळ झाली की मी आधीच चप्पल घालून बसायला लागले होते. तो फोन होता म्हणून माझ्या त्या दुपारी निभावल्या, विहीणबाई. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आता सांगून ठेवते, पण म्हणून तुम्ही टेकडीवर एकट्या गेलात ते बरोबर ठरत नाही.

एका वर्षी आपली गाठ पडली. माझी खेप संपत आलेली, तुमची सुरू झालेली, आणि मधले थोडे दिवस आपण दोघी एका घरात. मृण्मयी घाबरली होती, आई आणि सासूबाई एका स्वयंपाकघरात म्हणजे काय होईल. तिला कुठे माहीत होतं, तुम्ही स्वयंपाकघरात फिरकणारच नाही.

मी त्या अंगणात मेथी आणि कोथिंबीर लावली होती. थंडीत जपून वाढवलेली. तुम्ही आलात आणि दोनच दिवसांत तो राक्षस आला. काळाकुट्ट, लाल बोडकी मान, गळ्यात पिवळी पिशवी, शेपूट उभं धरलेल्या पंख्यासारखं. ब्रश टर्की. माझ्याकडे पाठ करून तो मागच्या मागे पाय झाडत होता आणि माझी मेथी मुळासकट कुंपणाच्या कोपऱ्याकडे उडत होती. मी झाडू घेऊन धावले. तुम्ही मला हाताला धरून मागे ओढलंत. "थांबा, थांबा, उजेड छान आहे." आणि स्वतः फरशीवर आडव्या. मी झाडू घेऊन उभी, तुम्ही पायाशी पडलेल्या, आणि तो मेथी नेतोय. संध्याकाळपर्यंत वाफा साफ. कोपऱ्यात कमरेएवढा ढीग.

मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच मागच्या पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसलात. तो ढिगाच्या डोक्यावर चढून त्यात चोच खुपसत होता. तुम्ही म्हणालात, तो ऊब बघतोय. पाला कुजला की आत ऊब धरते, त्या उबेवर अंडी उबतात. ऊब जास्त झाली की तो पाला काढतो, कमी झाली की घालतो. महिनोन्महिने हेच. मी विचारलं, आणि ती कुठे असते? "ती अंडं घालते आणि जाते. राखण सगळी ह्याच्याकडे." मग म्हणालात, "बघा, आणि आपल्याला मात्र सहा-सहा महिने बोलावून घेतात." मला हसू आलं. तुम्हालाही आलं. दोघी विहिणी पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो आणि तो आपल्याकडे रागानं बघत राहिला. मेथीचं दुःख तेव्हा थोडं कमी झालं. गेलं नाही.

तुमच्या त्या टोपीचं काय करायचं, तेही मला अमोलराव विचारत होते. वसंतात तिकडचे मॅगपाय मागून येऊन डोक्यावर झडप घालतात, आणि टोपीला मागच्या बाजूनं डोळे काढले तर म्हणे त्यांना माणूस आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. लोक पेननं काढतात. तुम्ही माझ्या पाकिटातल्या ठसठशीत लाल टिकल्या चिकटवल्यात. मॅगपाय तुमच्या अंगावर आला नाही हे खरं. पण तुमच्या मागून चालताना ते लाल डोळे माझ्यावर रोखलेले असायचे आणि मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. शिवाय टिकल्या माझ्या होत्या.

आणि तो ओंडका. त्याचा निकाल न लावता तुम्ही गेलात. माझ्या हाती घर देताना दूध कुठलं, रेवाचं औषध कुठलं, हे सांगायचं सोडून तुम्ही सांगितलंत की कोपऱ्यावरच्या निलगिरीच्या तिसऱ्या फांदीवर फ्रॉगमाउथ बसतो, दिवसभर झोपतो, जाता-येता बघत चला. मी बघत राहिले. तिथे तुटक्या फांदीचा वाळका ओंडका होता. तुम्ही फोटो पाठवलात, त्यातही ओंडका. तुम्ही बाण काढून पाठवलात, ही चोच, हा डोळा, मिटलेला आहे. मी लिहिलं, ओंडक्याला डोळा नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आपलं हे वर्षानुवर्षं चाललं होतं. तुमचं शेवटचं म्हणणं होतं की ह्या वेळी तो उडताना व्हिडिओच काढून तोंडावर मारते. आता कोण काढणार? मी माझ्या मतावर ठाम आहे. ओंडका आहे तो.

दहाव्याला मी घाटावर आले. मी सहसा जात नाही, पण तुमच्यासाठी आले. आणि तिथे काय व्हावं? पिंडाला कावळा शिवेना. झाडावर बसून राहिलेत, खाली बघताहेत, येत नाहीत. अमोलरावांनी हात जोडून सांगितलं, आई, रेवाकडे लक्ष देऊ. कावळा ढिम्म. घर विकणार नाही म्हणाले. ढिम्म. कॅमेरा जपून ठेवू. एक जण उडाला, आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. मग तुमच्या नणंदबाईंनी माझ्याकडे बघितलं. मोठ्यानं म्हणाल्या, तिचा जीव नातीत अडकलाय, तिच्या जागी कोण जाणार ते सांगितल्याशिवाय शिवायचा नाही. भटजींनीही माझ्याकडे बघितलं. अमोलरावांनी खाली मान घातली.

मी तोंड उघडलं नाही. कावळ्याच्या धाकानं मी वचन देणारी नव्हे. तुम्हीच नाही का मला सांगितलं होतंत, घाटावरच्या कावळ्यांची पोटं सकाळीच भरलेली असतात, त्यात इच्छा-बिच्छा काही नसते? शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. नणंदबाई माझ्याशी अजून बोलत नाहीत. त्यांच्या मते मी तुम्हाला अडकवून ठेवलं आहे. खरं तर अडकलेली मी आहे.

कारण इकडे मृण्मयीचे फोन. ती ये असं म्हणत नाही, माझ्यावर गेली आहे ती. नुसती बातम्या सांगते. रेवा ओढ्याकडे जात नाही. रेवानं तिचा छोटा कॅमेरा कपाटात आतमध्ये ठेवून दिलाय. खिडकीत लॉरिकीट कलकलाट करत असतात, ती पडदा ओढून घेते. शाळेत गप्प असते. नऊ वर्षांची पोर, आजी गेली म्हणून रडली असती तर समजलं असतं, पण ती रडतही नाही. मी मनात म्हटलं, मुलं विसरतात, थोडे दिवस जाऊ देत. मी जाऊन तरी काय करणार? मला त्या पाखरांतलं काही कळत नाही, मला खाली बसता येत नाही, बसले तर उठता येत नाही. तुमची जागा भरायला मी गेले तर त्या पोरीला तुमची आठवण आणखी येईल. हे सगळं मी मृण्मयीला पटवूनही दिलं. तिनं बरं म्हटलं.

परवा रविवारी रेवानं स्वतः व्हिडिओ कॉल लावला. इकडचं-तिकडचं बोलली. मग म्हणाली, "निर्मलाआजी, कुंदाआजी टेकडीवर अलोन होती ना?"

मी म्हटलं, हो बाळा.

"तिच्या मागे कोणी उभं नव्हतं?"

मला कळेना ही काय विचारते आहे. मग तिनं सांगितलं. विहीणबाई, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतंत. त्या अँब्युलन्सच्या प्रकारानंतर तुम्ही दोघींनी एक पद्धत ठरवली होती. तुम्ही आडव्या पडलात की रेवानं तुमच्या मागे उभं राहायचं. कोणी थांबलं, घाबरलं, तर त्यांना सांगायचं, शी इज फाइन, फोटो काढतेय. तुमच्याकडे पाठ करायची नाही. आणि थोड्या थोड्या वेळानं हळूच विचारायचं, आजी, ओके? तुम्ही बोललात तर पक्षी उडेल, म्हणून तुम्ही पाय हलवायचा. डावा बूट जरासा इकडून तिकडे. बूट हलला की सगळं ठीक. नाही हलला तर जवळ जाऊन हात लावायचा.

"इट वॉज माय जॉब, आजी," ती म्हणाली. "पण मी इकडे होते."

आणि मग ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. फोन टेबलावर ठेवून रडली, मला नुसतं छत दिसत होतं. मी इकडे खुर्चीत बसून तिचं रडणं ऐकत होते आणि तुमच्यावर इतकी चिडले होते, इतकी चिडले होते, की तुम्ही समोर असतात तर मान-पान विसरून तुम्हाला बोलले असते. एवढ्याशा पोरीला ही राखण दिलीत आणि पुण्यात स्वतःसाठी कोणी ठेवलं नाहीत. मला विचारायचं. मी आले असते का? नसते आले, कुरकुर केली असती, टेकडी चढवत नाही म्हटलं असतं. पण विचारायचं तरी.

तिला मी सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते. कोणी असतं तरी काही झालं नसतं, अगदी रेवा असती तरी. तिनं ऐकून घेतलं. पटलं की नाही कळलं नाही, कारण मला तरी कुठे पटलंय. मग तिनं फोन परत हातात घेतला, नाक पुसलं आणि म्हणाली, मला पुन्हा फोटो काढायचेत, पण आडवं पडलं की मागे कोणी नाही असं वाटतं आणि भीती वाटते. मॉम-डॅडना वेळ नसतो. मी म्हटलं, अगं, मला पक्षी ओळखता येत नाहीत. ती म्हणाली, "तुला बर्ड्सकडे बघायचंच नाहीये, आजी."

तर मी जाते आहे. नणंदबाईंना सांगितलेलं नाही, त्या म्हणतील कावळ्यानं काम केलं. तिकीट अमोलराव काढताहेत. रेवानं कॅमेरा कपाटातून बाहेर काढून चार्जिंगला लावलाय, असा मृण्मयीचा निरोप आहे.

तिकडे आता वसंत आहे. ती फेअरी रेन गवतात येते म्हणे, निळी, शेपटी उभी, एका जागी थांबत नाही. रेवा गवतात पालथी पडेल. मी गुडघ्याला पट्टा बांधून तिच्या मागे उभी राहीन आणि थोड्या थोड्या वेळानं विचारीन. ती निळी दिसायला किती सुंदर आहे ते मला कळणार नाही, विहीणबाई, त्याबद्दल मला माफ करा. मी सगळा वेळ तिच्या डाव्या बुटाकडे बघत असेन.